विद्वत्सभांतील सौजन्य आणि यजमान संस्थेचे दायित्व

वऱ्हाडात उच्च शिक्षणाची पाळेमुळे रुजल्याला आता शतक लोटले आहे. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ती हीच. १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली व शेतकऱ्याच्या मुलामुलींना विद्येचे दार मोकळे झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषि विद्यापीठ आले, तर १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत तालुक्याच्या गावीही महाविद्यालय आहे. दिवाळीची सुटी संपल्यापासून परीक्षांचे वेध लागेपर्यंत त्यांपैकी कोठे ना कोठे चर्चासत्र, परिषद वा कार्यशाळा भरलेली असते. राज्यातील चार कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीची वार्षिक बैठकही आळीपाळीने अकोल्यास येते व त्या वेळी राज्यभरातील शास्त्रज्ञ तेथे मुक्कामाला असतात.

अशा सभांतून निबंध वाचणाऱ्या स्त्रियांची संख्या आता मोठी आहे. त्यांना तेथे वागणूक कशी मिळते आणि अनुचित प्रकार घडल्यास त्यांनी कोणाकडे जावे, हा प्रश्न मात्र स्वागत समितीच्या बैठकीत क्वचितच निघतो. मंडपाची समिती असते, भोजनाची असते, निवासाची व स्मरणिकेचीही असते. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचा हिशेबही काटेकोर ठेवला जातो. या एका बाबीसाठी नेमलेला माणूस तेवढा नसतो.

एक अनुभव

माहिती खात्याच्या नोकरीत अशा अनेक समारंभांना वृत्तासाठी उपस्थित राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी दोन दिवसांचे चर्चासत्र होते. दुपारच्या सत्रात एका संशोधक विद्यार्थिनीने कपाशीच्या शेतात निंदणी-वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रियांच्या आरोग्यावर निबंध वाचला. चार गावे पायाखाली घालून तिने माहिती गोळा केली होती. निबंध संपल्यावर सत्राध्यक्ष ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "आवाज गोड आहे, निबंधाचे पुढे पाहू." सभागृह हसले. त्यानंतर तिच्या निबंधावर कोणीही प्रश्न विचारला नाही. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली व चहापानाच्या वेळी दिसली नाही.

त्या रात्री वृत्त तयार करताना व्यासपीठावरील सर्वांची नावे पदव्यांसह क्रमाने लिहिली गेली. शेवटी 'इतरांनीही निबंध वाचले' असे एक वाक्य टाकले. त्या 'इतरां'त ती होती. सत्राध्यक्षांचे बोलणे असभ्य होते हे त्या वेळी जाणवले होते. आपल्या वाक्याने तेच काम पुरे केले, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले.

हा प्रसंग किरकोळ वाटेल. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ साली विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक क्षेत्रांतील स्त्रियांच्या लैंगिक छळावर जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी आवर्जून नमूद आहेत. पहिली ही, की छळाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अंगचटीचा किंवा मागणीचा नसून स्त्री म्हणून हिणवण्याचा व कमी लेखण्याचा असतो. दुसरी ही, की छळ घडण्याची शक्यता सर्वांत अधिक कशावर अवलंबून असेल, तर ती त्या संस्थेतील वातावरणावर. अशा गोष्टी येथे खपवून घेतल्या जातात असे एकदा दिसून आले, म्हणजे पुढच्या माणसाचे धाडस वाढते. अमेरिकेच्याच भूभौतिकी शास्त्रज्ञांच्या संघाने २०१७ साली छळास संशोधनातील गैरवर्तनाच्या पंक्तीला नेऊन बसविले. आकडे खोटे देणे आणि सहकारी स्त्रीचा छळ करणे हे दोन्ही विद्येशी केलेले अपराधच, अशी त्यामागची भूमिका होती. आपल्याकडेही भारतीय भौतिकी संघाच्या कार्यगटाने २०१९ साली हैदराबाद येथे स्त्री-शास्त्रज्ञांच्या प्रश्नांवर स्वतंत्र परिषद भरविली होती.

आणि अमरावती जिल्ह्याला तर या विषयाचे गांभीर्य बाहेरून शिकण्याची गरज नाही. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातील हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीवनयात्रा संपविली. वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा उल्लेख त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होता. त्या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूत येथे शिरावयाचे नाही. तो प्रसंग परिषदेतला नव्हता, कचेरीतला होता. तरी जंगलात निर्भयपणे काम करणारी, हाताखाली माणसे असलेली, शिकलेली स्त्री अधिकारी ह्या टोकाला पोचते, ही गोष्ट जिल्ह्यातील कोणत्याही संस्थाचालकाने दृष्टीआड करू नये.

संशोधक विद्यार्थिनीची अडचण

परिषदेतील स्त्री गप्प का राहते, हे समजण्यासाठी परिषदा एवढ्या का वाढल्या हे पाहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली व परिषदेत वाचलेल्या निबंधाला त्यात गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांतून दोन निबंध वाचण्याची अट घातली. ही अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतून निघाली असली, तरी पडलेला प्रघात मोडलेला नाही. प्रमाणपत्राची किंमत अजूनही आहे. जो सत्राध्यक्ष आहे तोच उद्या तिच्या प्रबंधाचा परीक्षक किंवा मुलाखतीच्या मंडळावरील तज्ज्ञ असू शकतो. विषय लहान, त्यातील जाणकार मोजके आणि नोकऱ्या त्याहून थोड्या. "तुमच्या नेमणुकीचे पाहू" हे चहाच्या टेबलावर उच्चारलेले वाक्य तिच्या दृष्टीने गंमत नसते. २०१३ च्या अधिनियमाने नोकरीत झुकते माप देण्याचे सूचित वा उघड आश्वासन, तसेच नुकसानीची धमकी, या गोष्टी लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाशी निगडित असल्यास छळाच्या व्याख्येत घातल्या आहेत, त्या याच कारणास्तव.

याशिवाय बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रे समारोपाच्या वेळीच वाटतात. समारोप चारचा म्हणून जाहीर होतो व सहाला संपतो. धारणी-चिखलदऱ्याकडे जाणारी मुलगी शेवटची एस.टी. चुकवून अमरावतीत अडकते आणि मग कोणाच्या तरी मोटारीने, कोणाच्या तरी ओळखीने रात्रीची सोय होते. बऱ्याच अनुचित गोष्टींची सुरुवात या 'कोणाच्या तरी'पासून होते. निबंध वाचून होताच प्रमाणपत्र हाती द्यावे, एवढ्याने हा प्रश्न निम्मा सुटेल. त्याला कोणताही खर्च नाही.

जबाबदारी कोणाची?

कचेरीत किंवा महाविद्यालयात छळ झाला तर निदान दार कोणते ठोठवावे हे ठाऊक असते. परिषदेत तसे नसते. तक्रार करणारी एका महाविद्यालयाची, ज्याच्याविरुद्ध तक्रार तो दुसऱ्या विद्यापीठाचा, सभागृह तिसऱ्याचे, मुक्काम बसस्थानकाजवळच्या एखाद्या लॉजवर आणि वाहन भाड्याचे. दोन दिवसांनी मंडप उठतो व सगळे आपापल्या गावी जातात. यजमान म्हणतात, ते आमचे कर्मचारी नाहीत. त्यांचे विद्यापीठ म्हणते, प्रकार आमच्या आवारात घडला नाही. मुलीचे मार्गदर्शक म्हणतात, "जाऊ द्या न बाप्पा, आता कुठं वाढवता!" वऱ्हाडी बोलीतला हा जिव्हाळ्याचा उद्गार कितीतरी तक्रारींचा शेवट ठरलेला आहे.

कायद्याची दृष्टी मात्र याहून निराळी आहे. तो कायदा कसा आला, हेही ग्रामीण वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. राजस्थानातील भटेरी गावी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाहाला विरोध केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'विशाखा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. म्हणजे गावपातळीवरच्या एका सेविकेच्या दुःखातून देशातील सर्व कचेऱ्यांचा व विद्यापीठांचा नियम जन्मास आला. या तत्त्वांची अंमलबजावणी होत नाही हे पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाच्या नजरेस आणले व १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने पुन्हा कडक निर्देश दिले. पुढील वर्षी संसदेने 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम' संमत केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. आपल्याकडे अजूनही 'विशाखा समिती' हेच नाव तोंडी आहे. कायद्यातील नाव 'अंतर्गत समिती' असे आहे.

या अधिनियमातील 'कामाचे ठिकाण' चार भिंतींपुरते नाही. नोकरीच्या निमित्ताने किंवा ओघात कर्मचारी जेथे जाईल ते ठिकाण, आणि मालकाने पुरविलेले वाहनसुद्धा, त्यात येते. पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीस असलीच पाहिजे असेही बंधन नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांत 'आवार' या शब्दाची व्याप्ती याहूनही स्पष्ट आहे. क्षेत्रभेटी, सहली, शिबिरे, सांस्कृतिक महोत्सव, क्रीडास्पर्धा आणि विद्यार्थी वा कर्मचारी या नात्याने सहभाग असलेले तत्सम उपक्रम व त्यासाठीचा प्रवास हे सर्व 'आवार'च होय. छळाची झळ प्रामुख्याने स्त्रियांना पोचत असली, तरी काही विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थीही असुरक्षित असतात, याची नोंद त्या विनियमांत आहे.

यजमान संस्थेच्या दृष्टीने अधिनियमातील एकोणिसावे कलम सर्वांत महत्त्वाचे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही सुरक्षितता पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. पाहुणा वक्ता, भाड्याच्या गाडीचा चालक, भोजन कंत्राटदाराचा माणूस हे सर्व ह्या 'इतर व्यक्ती' होत. 'ते आमचे कर्मचारी नाहीत' हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. आरोपी दुसऱ्या संस्थेचा असल्यास कोणती समिती चौकशी करील, याबद्दलचा संभ्रमही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दूर केला. पीडित स्त्रीच्या स्वतःच्या कार्यालयातील समितीला परक्या कार्यालयातील व्यक्तीविरुद्धची तक्रार ऐकता येते. समितीचा अहवाल त्या व्यक्तीच्या कार्यालयाकडे जातो आणि कारवाई तेथे होते. परिषदेहून परतलेल्या अध्यापिकेला परक्या गावी खेटे घालण्याची आता गरज नाही. तिच्या महाविद्यालयाची समिती तिच्यासाठी खुली आहे.

तक्रार लेखी व तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत वाढवून देऊ शकते. तिला लिहिणे जमत नसेल तर लिहिण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. समितीच नेमली नाही, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आयोगाच्या विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदस्थांना समितीवर घेता येत नाही. हा नियम कित्येक ठिकाणी माहीतच नसतो व सोय म्हणून ज्येष्ठ विभागप्रमुखांचे नाव घातले जाते.

चौकशीतील न्याय

"बायका खोट्या तक्रारी करतील" ही भीती अशा प्रत्येक चर्चेत निघते. अधिनियमात द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीस शिक्षा आहे. परंतु तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. आरोपीलाही न्याय मिळाला पाहिजे, याचा धडा शेजारच्या गोव्यातून मिळतो. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेऊन चौकशी घाईने उरकली. आरोपीस बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, या कारणास्तव १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला व प्रकरण पुन्हा चौकशीसाठी मागे धाडले. चौकशी २००९ सालची होती. चौदा वर्षांनी ती पुन्हा पहिल्या पायरीवर आली, तेव्हा तक्रारदार मुलींच्या पदरी काय पडले असेल, याची कल्पना करावी. समितीच्या सदस्यांना कार्यपद्धतीचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने त्याच निकालात बजावले आहे. समिती फलकावर असून भागत नाही. नोटीस कशी द्यावी, जबाबाची प्रत कोणाला द्यावी, साक्षीदारास प्रश्न कसे विचारावेत, हे तिला आले पाहिजे.

आपसांत मिटविण्याची जी आपली सवय आहे तिलाही कायद्याने मर्यादा घातली आहे. समेट होऊ शकतो. पण तो स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर मुळीच नाही. प्राचार्यांच्या दालनात दोघांना समोरासमोर बसवून "सर वडिलांसारखे आहेत, माफ करून टाक" असे सांगणे, याला समेट म्हणता येणार नाही.

व्यासपीठ व आमंत्रणपत्रिका

तक्रारीपर्यंत पाळी येऊ नये यासाठी काय करता येईल, हे पाहू लागले की प्रथम आमंत्रणपत्रिका हाती घ्यावी लागते. पुरुषांच्या नावामागे 'डॉ.' व तीच पदवी असलेल्या स्त्रीच्या नावामागे 'सौ.' किंवा 'कु.' छापलेले आजही पाहावयास मिळते. विद्वत्सभेत तिच्या लग्नाची नोंद कशासाठी? पाहुण्यांना ओवाळण्यासाठी विद्यार्थिनींना नऊवारी नेसवून दोन-दोन तास उन्हात उभे करण्याची रीतही अशीच. त्यात पुन्हा 'सुवासिनी'च पाहिजेत असा आग्रह असला, तर विधवा अध्यापिकेचा नकळत अपमान होतो.

व्यासपीठावर कोण बसतो याचाही परिणाम खालच्या वातावरणावर होतो. वऱ्हाडाची परंपरा या बाबतीत अभिमानास्पद आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिलांच्या अखिल भारतीय परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा कुसुमावती देशपांडे यांचा जन्म १९०४ साली अमरावतीचाच. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनात त्यांना तो मान मिळाला. परंतु १८७८ पासून २०२५ पर्यंतच्या ९८ संमेलनांत महिला अध्यक्षा झाल्या त्या अवघ्या सहा. ज्या सत्रात अध्यक्ष, समन्वयक व परीक्षक सगळेच पुरुष आणि निबंध वाचणाऱ्या निम्म्या मुली, तेथे एक तरी अध्यापिका सत्राध्यक्ष नेमणे कठीण नाही. सत्राध्यक्षांना आधी एक छोटे पत्र पाठवावे: चर्चा निबंधावर व्हावी, वाचणाऱ्याच्या रूपावर, वयावर, पोशाखावर किंवा जातीवर शेरा होऊ नये, प्रत्येकास ठरलेला वेळ मिळावा. बहुतेक विद्वान सज्जन असतात. त्यांना असे पत्र आले म्हणून राग येणार नाही. ज्यांना येईल त्यांना पुढच्या वर्षी बोलावू नये.

निवासाची व्यवस्था करताना स्त्रियांची सोय शक्यतो एकत्र, वसतिगृहात किंवा परिचित कुटुंबांत करावी, आणि तेथपर्यंत जाण्या-येण्याचे वाहन यजमानांचे असावे. बाहेरगावच्या पाहुण्यांनी "प्रबंधाविषयी बोलू, रात्री विश्रामगृहावर या" असे सांगण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. प्रबंधाची चर्चा दिवसा सभागृहातच करता येते. स्मरणिकेत सर्व प्रतिनिधींचे छायाचित्र व भ्रमणध्वनी क्रमांक छापण्याची हौस असते. त्या क्रमांकावर नंतर महिनोन्महिने येणाऱ्या संदेशांचा त्रास मुली कोणाजवळ बोलत नाहीत. संमतीवाचून क्रमांक छापू नये.

मुख्य म्हणजे कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर अंतर्गत समितीच्या अध्यक्षा व एका सदस्याचे नाव आणि संपर्क क्रमांक असावा, व उद्घाटनाच्या वेळी ही नावे ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावीत. नोंदणीच्या टेबलाशी त्यांपैकी एकीने दोन्ही दिवस बसावे. एका महाविद्यालयात असे केल्यावर कोणीतरी विचारले, "यामुळे आपल्या कॉलेजात असले प्रकार होतात असा समज नाही का होणार?" तेथील ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंनी उत्तर दिले, "अग्निशामक नळकांडे भिंतीला लावले म्हणून कोणी म्हणते का, येथे रोज आग लागते?"

शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसाठी

हे सर्व विद्यापीठांपुरतेच आहे असे प्राथमिक शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजू नये. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदा, तालुक्याची प्रशिक्षणे, सरपंच व सदस्यांची निवासी शिबिरे यांतही परगावचा मुक्काम, अनोळखी साधनव्यक्ती आणि उशिरा सुटणारी सत्रे हेच चित्र असते. राज्यात पंचायत राज संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली महिला सदस्य प्रशिक्षणाला नवऱ्याला किंवा दिराला सोबत घेऊन येते, तेव्हा तिची थट्टा होते. तेथील वातावरणाची तिला खात्री वाटत नसेल, हे कोणी विचारात घेत नाही.

दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे जेथे अंतर्गत समिती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. प्रत्येक तालुक्यात तक्रार स्वीकारण्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद असून, त्याने ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठविली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्व राज्यांना जिल्हा अधिकारी नेमण्यास व स्थानिक समित्या स्थापण्यास मुदत घालून दिली होती. प्रशिक्षणाचे आदेश काढताना गटविकास अधिकारी व गटशिक्षणाधिकारी यांनी या समन्वय अधिकाऱ्याचे नाव व पत्ता आदेशातच नमूद करावा. भत्त्याचा दर आणि सोबत आणावयाच्या अंथरुणाची सूचना ज्या आदेशात मावते, त्यात ही एक ओळही मावेल.